भरवशाचे जंतू

प्लॅस्टिक खाणारा जंतू सापडला, अशी बातमी दर चार-सहा महिन्यांनी कोठे ना कोठे वाचायला मिळते. ती वाचून शिकल्यासवरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरते, ते मोठे पाहण्यासारखे असते. सावकाराचे कर्ज माफ झालेल्या कुळाच्या तोंडावरही इतके समाधान उमटत नसेल. ‘चला, सुटलो एकदाचे!’ असा तो भाव. माणसाने घाण करावी आणि जंतूने ती निमूटपणे निस्तरावी, अशी ही सोयीची वाटणी आहे. या समाधानाशी मला भांडायचे आहे. जंतूंशी माझे वैर नाही आणि शास्त्रज्ञांशी तर मुळीच नाही. माझे भांडण आहे ते त्यांच्या जिवावर निर्धास्त झोपू पाहणाऱ्या तुमच्या-आमच्याशी.

दिवाळीच्या मंगल दिवसांत हे कचऱ्याचे पुराण कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु वाचकहो, दिवाळीइतका या पुराणाला योग्य मुहूर्त दुसरा कोणता? घर झाडूनपुसून लख्ख करण्याचा हाच तर सण. फक्त झाडलेला केर उंबऱ्याबाहेर गेला की तो जगातून गेला, असे आपण मानतो. प्रश्न तेथूनच सुरू होतो.

मी बुलढाणा जिल्ह्यातला. आमच्याकडे या जंतुभक्तीला स्थानिक अभिमानाची फोडणी मिळते. आमचे एक स्नेही मोठ्या आवेशाने म्हणतात, ‘‘अहो, आपल्या लोणारच्या सरोवरात असतीलच की असले जंतू! जगात कोठे नाही असे ते पाणी.’’ पाणी जगावेगळे आहे, यात शंका नाही. उल्का आदळून बसाल्ट खडकात पडलेला तो सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खळगा. त्यातले पाणी खारे आणि सोड्याइतके क्षारयुक्त. काच आणि साबण करण्याचे साहित्य या भागात मिळते, अशी नोंद ‘ऐने अकबरी’तही आहे. माणसाला आंघोळीलाही नकोसे वाटणारे हे पाणी जंतूंना मात्र मानवले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील आणि इतर संशोधकांनी तेथून क्षारप्रेमी जंतू वेगळे काढले, त्यांची उपयुक्त पाचकद्रव्ये अभ्यासली. मिथेन वायूवर गुजराण करणारे जंतूही तेथे सापडले. २०२० सालच्या जून महिन्यात तर सारे सरोवर एकाएकी गुलाबी झाले. कोणी त्यात शकुन पाहिला, कोणी अपशकुन. आघारकर संस्थेच्या तपासणीत निघाले ते हॅलोआर्किया नावाचे मीठप्रेमी सूक्ष्मजीव. पाणी आटून खारटपणा वाढला, तसे ते माजले आणि त्यांच्या अंगच्या रंगाने सरोवर रंगले. पुढे पाऊस पडला, पाणी पातळ झाले आणि रंग ओसरला.

या घटनेतून आमचे स्नेही ‘जंतू काय वाटेल ते करू शकतो’ असा धडा घेतात. मी नेमका उलटा घेतो. जंतू आपल्याला मानवेल तेथे, मानवेल तेव्हा आणि मानवेल तेच करतो. खारटपणा थोडा कमी झाला की तो गप्प. तो आपला नोकर नाही. त्याला हुकूम सोडता येत नाही, आणि वऱ्हाडातल्या प्रत्येक नाल्याचे लोणार करता येत नाही.

आता या प्रसिद्ध जंतूंची मोजदाद एकदा नीट करू या.

जपानातील संशोधकांनी साकाई शहरातील बाटल्यांच्या पुनर्वापर केंद्राच्या परिसरातून माती, गाळ, सांडपाणी असे २५० नमुने गोळा केले. त्यांतून एक जंतू हाती लागला. त्याचे नाव आयडिओनेला साकायेन्सिस. २०१६ साली ही गोष्ट प्रसिद्ध झाली आणि जगभर गाजली. गाजावी अशीच ती आहे. हा जंतू पेट नावाचे, म्हणजे पाण्याच्या बाटलीच्या जातीचे प्लॅस्टिक खाऊन त्यावर जगतो. परंतु बातमीच्या मथळ्याखालची बारीक अक्षरे कोण वाचतो? प्रयोगशाळेत, ३० अंश उष्णतेत, त्या जातीच्या एका पातळ पापुद्र्याचा फडशा पाडायला त्याला सुमारे सहा आठवडे लागले. खऱ्या बाटलीचे प्लॅस्टिक तर त्या पापुद्र्याहून घट्ट विणीचे असते.

पुढे २०२० साली फ्रान्समधील तुलूज येथील शास्त्रज्ञांनी याहून मोठी मजल मारली. कुजलेल्या पाल्याच्या खतातून मिळालेले एक पाचकद्रव्य त्यांनी सुधारून घेतले आणि दहा तासांत शंभरातले नव्वद भाग पेट मोडून दाखवले. माझा त्यांना नमस्कार. पण ते काम झाले ७२ अंश उष्णतेच्या बंद पात्रात, आणि तेही प्लॅस्टिक आधी प्रक्रिया करून, बारीक दळून घेतल्यावर. म्हणजे तो कारखाना झाला. कारखान्याला माल पोचवावा लागतो. माल पोचवायचा तर कोणीतरी तो वेचावा लागतो, निवडावा लागतो, धुवावा लागतो. जे काम टाळण्यासाठी आपण जंतूचा धावा केला, तेच काम जंतू आपल्याला आधी करून मागतो!

बरे, हे सारे झाले बाटलीचे. आपल्या नाल्यांत, कुंपणांच्या तारांवर आणि बाभळीच्या काट्यांवर जे फडफडते, ते काय असते? पिशव्या, दुधाच्या थैल्या, वेष्टने. हे प्रामुख्याने पॉलिथिन आणि त्याचे भाऊबंद. पेटच्या रेणूंच्या साखळीत ठरावीक अंतरावर एक कच्चा जोड असतो; जंतूचे पाचकद्रव्य पाण्याच्या मदतीने तो जोड कापते. पॉलिथिनच्या साखळीत असा कच्चा दुवाच नाही. कार्बनला कार्बन, कार्बनला कार्बन, अशी ती हजारो कड्यांची साखळी. तिला कात्री लावायची कोठे? ऊन आणि हवा यांनी ती आधी जुनी व्हावी, तडकावी, मग कोठे जंतूला दात लावता येतात. स्वीडनमध्ये आन-क्रिस्टीन आल्बर्टसन या विदुषीने किरणोत्सर्गी कार्बनची खूण केलेले पॉलिथिन मातीत ठेवून वर्षानुवर्षे मोजमाप केले. उन्हाचा मारा न झालेल्या पॉलिथिनपैकी दहा वर्षांत शंभरातला एक भागसुद्धा वायू होऊन बाहेर पडला नव्हता. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे आपली म्हण सांगते. पॉलिथिनचा उकिरडा या म्हणीला अपवाद आहे.

मेणअळीची कथाही अशीच. मधमाश्यांच्या पोळ्यातले मेण फस्त करणारी ही अळी पॉलिथिनच्या पिशवीला भोके पाडते, हे २०१७ साली प्रसिद्ध झाले. शंभर अळ्यांनी बारा तासांत ९२ मिलिग्रॅम पिशवी कमी केली. अळी ते खरोखर पचवते की नुसते कुरतडते, यावर शास्त्रज्ञांत लगेच वाद झाला. तो वाद क्षणभर बाजूला ठेवू. आपण बाजारहाटाचा साधा हिशेब करू. पाच ग्रॅमची एक पिशवी संपवायला त्या शंभर अळ्यांना रात्रंदिवस खपून सुमारे २७ दिवस लागतील. तेवढ्या अवधीत आपल्या एका घरात किती पिशव्या येतात, ते ज्याने त्याने मोजावे. उंटाने पाणी प्यायचे आणि मुंगीने तळे भरायचे, असा हा व्यवहार आहे.

‘‘पण निसर्ग शिकेल हो!’’ असे यावर ऐकू येते. शिकेलही. पॉलिथिनचा शोध १९३३ सालचा. लाकडातला चिवट भाग पचवायला बुरशी केव्हा शिकली, याचा हिशेब मात्र कोट्यवधी वर्षांत करतात. निसर्गाला वेळ आहे. आपल्या नातवंडांना तेवढा आहे काय?

निसर्गाच्या शिकण्याची परीक्षा पाहायला परदेशी जाण्याचे कारण नाही. खामगावच्या बाजारात किंवा मेहकरच्या बसस्थानकाजवळ उभ्या असलेल्या एखाद्या मोकाट गाईकडे पाहावे. तिचे कोठीपोट म्हणजे जंतूंचा एक अजब कारखाना. जो कडबा तुम्ही-आम्ही जन्मभर चावला तरी पचणार नाही, तो तिच्या पोटातले अब्जावधी सूक्ष्मजीव आंबवून मोडतात, आणि त्यातून दूध होते. ऊब आहे, ओल आहे, जंतूंची वाण नाही; याहून चांगली जागा जंतूला कोणती मिळणार? २०२१ साली ऑस्ट्रियातील संशोधकांनी याच कोठीपोटातील द्रवाने पेटच्या जातीचे काही प्लॅस्टिक थोडेफार मोडते, असेही दाखवले. पण गाय खाते ती पिशवी असते पॉलिथिनची. तिच्यापुढे तो सारा कारखाना हात टेकतो. पिशव्यांचा गोळा होतो, तो दोरासारखा गुंततो, चाऱ्याला जागा उरत नाही. पशुवैद्य असे कित्येक किलोंचे गोळे पोट फाडून बाहेर काढतात; ज्या गाईला पशुवैद्य मिळत नाही ती भरल्या पोटी उपाशी मरते. जंतू प्लॅस्टिक खातात म्हणणाऱ्यांनी हा गोळा एकदा डोळ्यांनी पाहावा.

आणि ती पिशवी गाईने हौसेने खाल्लेली नसते. आतल्या शिळ्या भाकरीच्या, भाजीच्या देठांच्या वासाने ती येते. पिशवीला गाठ मारलेली असते आपण. वसुबारसेला त्याच गाईच्या पायांवर पाणी घालून, कुंकू लावून आपण तिला घास भरवतो. एक दिवस नैवेद्य आणि बाकी वर्षभर विष, अशी ही पूजा कोणत्या शास्त्रात बसते?

त्या गाठीत आणखी एक अन्याय आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा. प्लॅस्टिक खाणाऱ्या जंतूंचा आपण धावा करतो. परंतु जे जंतू पिढ्यान् पिढ्या इमानाने आपला कचरा खात आले, त्यांच्या तोंडचा घास आपण पिशवीत कोंडून ठेवला आहे. पूर्वी वऱ्हाडात घरामागचा उकिरडा ही संपत्ती होती. शेण, गोठ्यातले गदाळे, राख, भाजीपाला, पळसाच्या पानांच्या पत्रावळी, फाटके सुती धुडके, सारे त्यात जायचे. तेथे कोणी शास्त्रज्ञ नव्हता, ७२ अंशांचे पात्र नव्हते. तरीही पावसाळा-हिवाळा उलटला की त्याचे काळेभोर खत होई, आणि ते गाडीत भरून कपाशीच्या रानात जाई. हे काम जंतू आजही फुकट करायला तयार आहेत. फक्त ओला कचरा पिशवीत बांधला, की त्यांना हवा मिळत नाही. आत नुसती दुर्गंधी माजते. आणि पिशव्या मिसळलेल्या उकिरड्याचे खत रानात गेले, की वर्षागणिक चिंध्या काळ्या मातीत मिसळतात. वखराला गुंतणारी चिंधी तरी दिसते. तिचा चुरा दिसतही नाही.

या चुऱ्यालाच पुष्कळ लोक ‘विघटन’ समजतात. आरसा फुटून त्याची पूड झाली म्हणजे काच नाहीशी झाली काय? २०२२ साली नेदरलंडमधील संशोधकांनी २२ निरोगी माणसांचे रक्त तपासले, तेव्हा १७ जणांच्या रक्तात प्लॅस्टिकचे कण मिळाले. पिशवी दिसेनाशी झाली, ती कोठे गेली, याचे एक उत्तर हे.

काही दुकानदार हल्ली मोठ्या प्रतिष्ठेने हिरव्या अक्षरांची पिशवी पुढे करतात आणि म्हणतात, ‘‘घ्या साहेब, ही मातीत विरते.’’ इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाने २०१९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग त्यांना सांगावासा वाटतो. ‘विघटनशील’ म्हणून विकलेली पिशवी तीन वर्षे मातीत आणि समुद्रात ठेवून बाहेर काढली, तर तिच्यात पुन्हा बाजार भरून आणता आला! खतात विरणारी म्हणून वेगळी पिशवी होती, ती समुद्रात तीन महिन्यांत गेली. पण मातीत २७ महिन्यांनंतरही शिल्लक होती, फक्त वजन पेलत नव्हती. अशा पिशवीची कसोटीच मुळी मोठ्या खतकारखान्याच्या सुमारे ५८ अंश उष्णतेत घेतात. आमच्या गावच्या उकिरड्याने ती अट कधी मान्य केली होती? नुसता भुगा होऊन पडणारे प्लॅस्टिक तर युरोपने २०१९ च्या कायद्याने बंदच केले.

मग प्रश्न पडतो, की या जंतूच्या बातमीने खरी सोय कोणाची होते? घरच्या बाईची नाही; तिला दूध थैलीतून आणि तेल पुड्यातून घ्यावेच लागते, दुसरा मार्ग तिच्यापुढे ठेवला आहे कोणी? गरिबाला एक रुपयाची शाम्पूची पुडी परवडते, बाटली परवडत नाही. त्याला शहाणपण शिकवण्यात अर्थ नाही. सोय होते ती पुड्या करणाऱ्याची. १९५० पासून २०१५ पर्यंत जगात सुमारे ८३० कोटी टन प्लॅस्टिक तयार झाले. त्यातून ६३० कोटी टन कचरा झाला, आणि त्यातल्या शंभरापैकी फक्त नऊ भागांचा पुनर्वापर झाला. हे आकडे ऐकल्यावर कोणीही विचारील, की बाबा, इतके बनवतोस कशाला? त्याऐवजी ‘जंतू सापडला’ म्हटले, की कोणी काही विचारीत नाही. आपल्याकडे २०१६ च्या नियमांनी वेष्टन करणाऱ्यावर ते परत गोळा करण्याची जबाबदारी टाकली आहे. तंबाखू आणि गुटख्याला प्लॅस्टिकची पुडी वापरू नये, हेही त्याच नियमांत आहे. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी पिशव्यांवर बंदी घातली. पहिल्या खेपेस पाच हजार, दुसऱ्या खेपेस दहा हजार आणि तिसऱ्या खेपेस पंचवीस हजार दंड, शिवाय तीन महिने कैद. १ जुलै २०२२ पासून साऱ्या देशात एकदाच वापरून फेकायच्या अनेक वस्तू बंद झाल्या. कायदा आहे, जंतू नको आहे. कायद्याला दात हवेत.

कोणी म्हणेल, लोकांच्या सवयी बदलत नाहीत. हे खोटे आहे, आणि त्याचा पुरावा आमच्याच जिल्ह्यात आहे. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला हजारो माणसे येतात. संस्थानाच्या आवारात कागदाचा कपटा दिसत नाही. तीच माणसे दर्शन आटोपून एस.टी.त बसली, की खिडकीतून वेष्टन बाहेर! माणूस तोच, हात तोच. बदलते ती जागेविषयीची भावना आणि झाडणाऱ्या सेवेकऱ्यांची शिस्त. म्हणजे सवय बदलते. बदलायला लावणारे कोणी हवे. आपल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव दिले आहे, त्या गाडगेबाबांनी आधी गाव झाडले आणि मग कीर्तन केले. आपण नुसतेच कीर्तन ऐकले. त्यांनी खराट्याऐवजी एखाद्या जंतूची वाट पाहिली असती, तर आज त्यांचे नाव कोणी घेतले असते काय?

संशोधन बंद करा, असे मी म्हणत नाही. उलट त्याला अधिक पैसा मिळावा. जे प्लॅस्टिक जगात साचून बसले आहे, त्यातले बाटलीचे प्लॅस्टिक तरी उद्या जंतूंच्या पाचकद्रव्याने मोडून पुन्हा वापरता आले, तर मोठेच काम होईल. परंतु कारखान्यातले औषध हे उघड्या गटारातल्या रोगावरचे औषध नव्हे. आणि समजा, उघड्यावर सुसाट प्लॅस्टिक खाणारा जंतू खरेच निघाला, तर तो नाल्यातली पिशवी आणि रानातली ठिबकची नळी यांत भेद कसा करील? दवाखान्यातली सलाईनची नळी सोडून फक्त पुड्या खा, असे त्याला कोण समजावणार? असला जंतू आपणच पुढे औषध फवारून मारू.

म्हणून माझे म्हणणे अगदी थोडे आहे. जंतूला जे पचते ते त्याला उघड्या मनाने आणि उघड्या खड्ड्यात द्यावे. जे पचत नाही ते त्याच्या पुढ्यात टाकू नये. दुधाची थैली धुऊन भंगारवाल्याला द्यावी, आणि जे भंगारवालाही घेत नाही ते बनवणाऱ्याच्या दारात परत पाठवण्याची मागणी नगरपरिषदेकडे आणि आमदाराकडे लावून धरावी. हा कापसाचा मुलूख आहे. कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडात बाजाराला जाताना हातात कापडी पिशवी नसावी, यासारखी दुसरी लाजिरवाणी गोष्ट नाही. यंदाचा फराळ शेजारी पोचवताना पितळी किंवा स्टीलचा डबा द्यावा. डबा रिकामा परत करू नये, ही आपली रीतच आहे, आणि त्या रीतीने डबाही परत येतो, शेजारही राहतो.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण नवी केरसुणी पाटावर ठेवून तिला हळदकुंकू वाहतो. तिला आपण लक्ष्मी म्हणतो. शिंदीच्या पानांची ती साधी केरसुणी झिजली, तर मातीतले जंतू तिला सुखाने पोटात घेतील. यंदा तिला नमस्कार करताना तिने लोटलेला केर कोठे जाणार आहे, एवढे मनाशी विचारावे. त्याचे उत्तर आपल्याला द्यायचे आहे. जंतूंना त्यात ओढू नये. त्यांची कामे ते करीतच आहेत.